जोडखुणा

इंदूताई फणसे यांच्या शिवणक्लासची सदतीस पानं
सदतीस सुटी गाठोडी होऊन माझ्यापर्यंत आली.
कुणा विद्यार्थिनीच्या मुलानं कधीतरी नेटवर चढवलेली,
आधी कुठलं, नंतर कुठलं, पत्ता नाही.
बाहीच्या पानाला फक्त बाही माहीत,
मुंढा कुठे राहतो ते नाही.

बडोद्यात, मंगळबाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
मी लॅपटॉप त्यांच्या कटिंगच्या टेबलावर ठेवला.
त्यांनी तो उचलला, खालची खडूची भुकटी पुसली,
परत ठेवला, आणि विचारलं,
"याचं पुस्तक शिवणार कसं?"

मी दाखवलं: प्रत्येक टॅगच्या पोटात
बारीकशी नोंद करता येते, वाचणाऱ्याला न दिसणारी.
इथे लिहायचं, हा धडा आहे, ही आकृती, ही नुसती टीप.
इथे लिहायचं, याच्या पुढचं ते.
यंत्र नोंदी बघतं आणि पानं ओवत जातं.

चष्म्यावरून त्या बघत राहिल्या.
मग खणातून बाहीचा कागदी साचा काढला,
कडेची खाच नखानं दाखवली, तांदळाएवढी.
मुंढ्याच्या साच्यावर तशीच दुसरी.
"ही हिला भेटली की बाही बसते.
पोलकं अंगात गेल्यावर खाच कुणी पाहिलीय?"

मला पुढे काही समजवावं लागलं नाही.

रफूचं पान मी शेवटी लावलं होतं.
माप, कापणं, शिवणं, मग फाटणं: माझा नीटनेटका क्रम.
"ते पहिलं घे," म्हणाल्या,
"पहिल्या दिवशी नवं कापड घेऊन
माझ्याकडे कुणी आलंच नाही."
सदतीस पानांचं पुढचं-मागचं मी पुन्हा उसवलं.

काजाला त्या गाज म्हणतात, इथल्या सगळ्यांसारखं.
मोठ्यानं वाचणारं यंत्र चुकेल, मी म्हटलं,
ऐकणाऱ्याला वाटेल बटणातून समुद्र आला.
त्या एका शब्दावर भाषेची नोंद केली: गुजराती.
"राहू दे की समुद्र," त्या म्हणाल्या. पण नोंद राहू दिली.

चित्र दिसत नसेल त्याच्यासाठी दोन शब्द लागतात.
फुग्याच्या बाहीखाली त्यांनी सांगितलं तसं लिहिलं:
'उकळी येण्याच्या बेतात असलेलं दूध.'

आणि एकोणतिसावं पान.
झबलं, महिना पहिला. मापं पूर्ण, शिवण अर्धी.
शेवटची ओळ: उरलेलं उद्या.
याच्या पुढे काय लावू?
त्या बॉबिन भरत राहिल्या, भरलेलीच बॉबिन.
खाली लेसवाल्यानं शटर ओढलं.
"याला पुढचं नाही. मागचंही नको.
पण काढू नकोस."

असं चालत नाही, सांगणार होतो,
जागा न सांगितलेलं पान यंत्र गाळून टाकतं.
तेवढ्यात आठवलं, एक नोंद आहे
जी इतक्या वर्षांत मी कधी वापरली नव्हती:
पुस्तकात असावं, रांगेत नसावं.
'लिनिअर'पुढे 'नाही' लिहायचं, एवढंच.
एकामागून एक पानं उलटणाऱ्याला ते लागणार नाही.
सुईच्या धड्यातल्या एका शब्दावर
कुणाचं बोट टेकलं, तर उघडेल.
शब्द त्यांनी निवडला. तो इथे लिहीत नाही.

पुस्तक तयार झालं तेव्हा फोनवर त्यांनी
पहिलं पान सरकवलं, दुसरं, तिसरं,
स्क्रीनच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"कच्चा टाका दिसत नाही कुठे," म्हणाल्या,
आणि चहा टाकायला उठल्या.

रात्री घरी येऊन मी सदरा उलटा केला,
बाहीची शिवण बोटानं तपासली, दिव्याखाली धरली.
खाच सापडली नाही.
इंटरलॉकमध्ये कापली गेली असणार.
बाही मात्र नीट बसलेली.